बेरी न गाळता

"वहिनी, दादाची बोट बुडाली," दीर म्हणाला.

तो दारातच उभा होता, चपला न काढता. माझ्यापुढे स्टोव्ह, स्टोव्हवर लोण्याचं पातेलं, बाजूला परातीत करवंदं. करवंदं मधोमध चिरून मी बिया काढत होते. बोटं जांभळी आणि चिकट झाली होती.

"माणसं?" मी विचारलं.

"वाण्याकडे फोन आला होता ऑफिसातनं. बोट गेली एवढंच सांगितलं. उद्या या म्हणाले."

"उद्या कशाला? आत्ता चल."

मोरीत सासू भांडी घासत होती. घासण्याचा आवाज बंद झाला. मी परात सरकवली, साडीला हात पुसले आणि दिराच्या रिक्षात जाऊन बसले. पायात चपला नाहीत हे स्टेशनवर कळलं. दिराने त्याच्या काढून दिल्या. एवढ्या मोठ्या चपलांत मी फोर्टापर्यंत फटफट करत गेले आणि त्या ऑफिसातले लोक माझ्या तोंडाकडे बघायच्या आधी माझ्या पायांकडे बघत होते.

स्टोव्ह मी बंद केलाच नव्हता.

माझा नवरा बोटीवरच्या भटारखान्यात कामाला होता. मालवाहू बोट, परदेशी कंपनीची. भाजायचं सगळं काम त्याच्याकडे. पाव, बिस्किटं, केक. मिसरूड फुटायच्या वयात तो देवगडहून मुंबईला आला आणि बटाटे सोलायला म्हणून एका फ्रेंच कंपनीच्या बोटीवर चढला. तिथल्या म्हाताऱ्या फ्रेंच भंडाऱ्याने, म्हणजे मुख्य स्वयंपाक्याने, त्याला भाजणं शिकवलं. शिव्या देऊन शिकवलं. त्या शिव्याही नवऱ्याला पाठ झाल्या होत्या. घरात रागावला की तो फ्रेंचमध्ये रागवायचा. त्यामुळे आमची भांडणं कधी वाढली नाहीत. काय म्हणतोय तेच मला कळायचं नाही.

दहा महिने बोटीवर आणि दोन महिने घरी, असा आमचा संसार. आम्ही बोरिवलीला पूर्वेकडे चाळीत राहायचो. एक खोली, मोरी आणि वर पोटमाळा. मी, सासू आणि गिरणी बंद पडल्यावर रिक्षा चालवणारा दीर. आम्हाला मूल झालं नाही. डॉक्टरने त्याची कारणं सांगितली. मी म्हणायचे, दोन महिन्यांत माणूस घाई तरी किती करणार.

नवरा लांब असला की बाईला काय होतं हे कोणी लिहीत नाही. लिहिलं तर विरह वगैरे शब्द घालून लिहितात. मी चौथीपर्यंत शिकले, तो शब्द आमच्या पुस्तकात नव्हता. मला जे व्हायचं ते अंगाला व्हायचं. कूस बदलली की हात भिंतीला लागायचा आणि जाग यायची. तो घरी असताना भिंतीकडे तो झोपायचा. कपडे वाळत घालायच्या दोरीवर त्याच्या लुंगीची जागा मी दहा महिने मोकळी सोडायचे. सासू म्हणायची, "ती जागा काय भाड्यान दिलंस गो?"

"तुमच्या झिलाला दिलीय," मी म्हणायचे.

"भाडा देता काय तो?"

"आल्यावर घेते वसूल करून."

यावर सासू पदरात तोंड घालून हसायची. विधवा बाई होती, तिला सगळं कळत होतं.

घरी आला की पहिल्या रविवारी तो केक करायचा. त्याचं फ्रेंच नाव मला तेव्हाही म्हणता येत नव्हतं, आताही येत नाही. बोटभर लांबीचे छोटे केक, सोनाराकडच्या लगडीच्या आकाराचे. त्यासाठी पत्र्याचे साचे त्याने कुठल्या तरी बंदरातून आणले होते. चाळीतल्या पोरांनी त्यांना विटा नाव ठेवलं. आम्हीही मग विटाच म्हणायला लागलो.

त्यात फार काही नसतं. अंड्यातला पांढरा भाग, साखर, बदामाचं पीठ, थोडा मैदा आणि लाल होईपर्यंत कढवलेलं लोणी. बदाम आमच्याकडे फक्त आजारपणात यायचे, म्हणून तो गावचे काजू घ्यायचा. तुकडा काजू, सालीसकट. खलबत्त्यात साखर घालून कुटायचा. नुसते कुटले तर तेल सुटतं आणि गोळा होतो. वरून फळ घालतात. त्याचा फ्रेंच भंडारी कसलीशी लाल आंबट फळं घालायचा, ती इथे मिळत नव्हती. नवरा मे महिन्यात यायचा आणि मे महिन्यात बोरिवलीत करवंदं मिळतात. नॅशनल पार्काच्या बाजूच्या पाड्यांवरच्या बायका टोपलीत घेऊन यायच्या, पानावर ढीग करून विकायच्या. एक करवंद तोंडात टाकून तो म्हणाला होता, "ह्या त्या फ्रेंचाला मिळाला असता तर त्याने माका कमी शिव्या दिल्या असत्या."

भाजायला बेकरीत जायचो. दिवाळीत चाळीतल्या बायका नानकटाईचं पीठ घेऊन बेकरीच्या भट्टीवर जात आणि भाजून आणत, तसंच. दुपारचे पाव निघाले की भट्टी थोडी उतरते, तेव्हा त्याचे साचे आत जायचे. बेकरीवाला चाचा त्याला लांबूनच हाक मारायचा, "आओ, फ्रेंच साब आओ!" दोघं भट्टीच्या तोंडाशी बसून बिड्या ओढायचे आणि मी बाहेर फळीवर बसून वास घ्यायचे. आधी साखरेचा वास यायचा. मग एकदम दुसराच वास यायचा, भाजलेल्या सुक्या मेव्याचा, भुईमुगाच्या शेंगा भाजल्यावर येतो त्याच्या जवळचा पण श्रीमंत. तो वास आला की नवरा आतून ओरडायचा, "काढ रे!"

कडेला कुरकुरीत, आत ओलसर आणि मध्ये करवंदाचा आंबट डाग. सासू त्याला फिरंग्यांचो खाजो म्हणायची आणि चार खायची.

तो बोटीवर परत गेला की मी स्वतः करून बघायचे. वर्षातून तीन-चार वेळा. प्रत्येक वेळी चाचा चव बघायचा आणि म्हणायचा, "अच्छा है भाभी," आणि मान थोडी वाकडी करायचा. मलाही कळत होतं. केक गोड व्हायचा, मऊ व्हायचा, पण तो वास यायचा नाही. साध्या तुपातल्या केकसारखा केक. मी काजू बदलले, अंडी बदलली, भट्टीत आधी ठेवून बघितले, नंतर ठेवून बघितले. काही उपयोग नाही. तो घरी आला की विचारायचे, तर म्हणायचा, "लोणी आयकत रव. बोलाचा बंद झाला की दोन श्वास थांब आणि उतर." मी ऐकायचे. लोणी तडतडतं, मग शांत होतं, हे मला काय सांगायचं? तूप मी लहानपणापासून कढवत होते. माझं तूप कणीदार आणि स्वच्छ. सासू ते दुसऱ्या बायकांना वाटीत काढून दाखवायची.

त्या वर्षी मी ठरवलं होतं की तो यायच्या आत जमवायचं. रविवारी त्याने साचे काढायच्या आधी त्याच्यापुढे बशी ठेवायची. तो काय म्हणेल ते मला ऐकायचं होतं. ही फेरी संपली की तो उतरणार होता. म्हणून त्या दिवशी स्टोव्हवर लोणी होतं.

फोर्टातल्या ऑफिसात लाकडी बाक होतं आणि वर एक पंखा. साहेबाने आम्हाला बसवलं आणि पाणी दिलं. पाणी दिल्यावर मी समजले की हा चांगलं काही सांगणार नाही.

"आफ्रिकेच्या खाली वादळात सापडली," तो म्हणाला. "बोटीत लोखंडाची माती होती, ती एका अंगाला सरकली. दुसऱ्या एका बोटीने काही माणसं पाण्यातून उचललीत."

"किती?"

"सगळे देश धरून थोडेच. आपल्याकडचे बोटीवर सहाजण होते. त्यांतला एक त्यांनी उचललाय."

"कोण?"

"ते अजून कळलं नाही, बाई. त्यांची तार अर्धीमुर्धी आलीय. एक इंडियन, एवढंच आहे. आजारी आहे, बोलत नाही म्हणतात. ती बोट थांबणार नाही, तिचा माल पोचवायचाय. बंदराला लागली की नक्की कळेल."

"कधी लागेल?"

त्याने हात वर केले.

घरी आले तर खोली माणसांनी भरलेली. चुलत सासरे, त्यांची मुलं, चाळीतल्या बायका. सगळे खाली माना घालून. सासू भिंतीला टेकून बसलेली, डोळे कोरडे. मी सगळ्यांच्या देखत सांगितलं, सहातला एक वाचलाय, कोण ते माहीत नाही.

चुलत सासरे म्हणाले, "देवाच्या मनात असेल तसं."

आमची शेजारीण देशावरची. चांगली बाई, पण जीभ हलल्याशिवाय तिला चैन पडत नसे. ती माझ्याजवळ सरकली. "स्टोव्ह मी बंद केला गं. पातेलं झाकून ठेवलंय. लई लाल झालंय ते, फेकून दे. आणि आता घरात गोडधोड, तळण, कढण काही करू नको. कळेपर्यंत तरी. लोक काय म्हणतील?"

आमच्याकडे माणूस गेलं की घरात फोडणी देत नाहीत, तूप कढवत नाहीत. वास बाहेर जाता कामा नये. तिने जे सांगितलं ते रीतीचं होतं. पण तिने ते आजच सांगितलं.

सासूने ऐकलं. ती भिंतीपासून सुटली आणि सगळ्यांकडे एकेक करून बघत म्हणाली, "माझो झील मेलो तां कोणी बघल्यान? तू बघलंस? तुमी बघलात, भावोजी?"

चुलत सासऱ्यांनी हातातला कप खाली ठेवला.

"मग? चाय झाली ना? आता वाटेक लागा." आणि माझ्याकडे वळून, "आणि तू गो. उद्या कर त्या तुझ्या इटा. तुपाचो वास जाऊंदे चाळीभर. सगळ्यांका कळांदे, ह्या घरात कोण मरूक नाय."

जन्मभर त्या केकची टर उडवणारी बाई. मला तिच्या पाया पडावंसं वाटलं. पडले नाही, आमच्यात तसलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी झाकण काढलं. लोणी थिजलं होतं. वर तांबूस आणि तळाला तपकिरी जाड थर. ती बेरी. तूप कढवलं की गाळणीत बेरी राहते, ती साखर घालून पोरांना देतात. हे सगळ्या बायका करतात, मीही करत आले. पण त्या दिवशी मला गाळायचं सुचलं नाही. गाळणी, फडकं, दुसरं भांडं, एवढं करायला अंगात काही नव्हतं. मी पातेलं पुन्हा स्टोव्हवर ठेवलं, वितळलं, चांगलं गरम होऊ दिलं. सासू दार उघडं टाकून उंबऱ्यात बसली. येणाऱ्या-जाणाऱ्याला वास गेला पाहिजे म्हणून. मग मी तळाच्या त्या तपकिरी गाळासकट सगळं काजू-साखरेच्या भांड्यात ओतलं. करवंदं कालचीच होती, कडेला सुकलेली. तीच घातली.

चाचाला कळलं होतं. त्याने नेहमीसारखी हाक मारली नाही. "दो, भाभी," म्हणाला आणि साचे माझ्या हातातून घेतले. मी फळीवर बसले.

आधी साखरेचा वास आला. मग तो आला. भाजलेल्या सुक्या मेव्याचा, श्रीमंत. मी उठून उभी राहिले. मला खरंच वाटलं की आता आतून आवाज येईल, "काढ रे!" चाचाही साचे काढायची लांब फळी हातात घेऊन तसाच थांबला होता. मग मीच ओरडले, "काढा, चाचा!"

त्याने एक तोडून तोंडात टाकला. मान वाकडी केली नाही. "ये वही है," म्हणाला आणि भट्टीकडे तोंड फिरवलं.

तेव्हा मला समजलं. माझा नवरा बेरी गाळत नव्हता. बेरीतच सगळं होतं. आमची खोली एवढीशी, तो स्टोव्हपुढे बसला की मला मोरीत नाहीतर बाहेर जावं लागायचं, म्हणून मी त्याला ओतताना कधी बघितलं नव्हतं. गाळू नको हे सांगायची गोष्ट आहे असं त्याला वाटलं नसणार, कारण त्याला ज्याने शिकवलं तो गाळत नव्हता. आणि गाळायचं का, हे विचारायची गोष्ट आहे असं मला कधी वाटलं नाही. तूप कढवलं की गाळायचं. इतकी वर्षं मी नेमकं तेच बाजूला काढून चाळीतल्या पोरांना वाटत होते.

हे सांगायला तो पाहिजे होता. दुसरं कोणी नको. सासूला सांगितलं तर ती म्हणाली, "बरां." दिराला सांगितलं तर त्याला कळलंच नाही. मी बशी भरून त्याच्या जागेवर, भिंतीशी ठेवली आणि मग माझाच मला राग आला. नैवेद्य काय ठेवतेस, म्हटलं, मेला नाही तो. डबा काढला, त्यात भरले, वर झाकण लावलं. तो आल्याशिवाय कोणी खायचा नाही.

पुढच्या वेळी ऑफिसात गेले ती डबा घेऊनच गेले. का नेला ते विचाराल तर सांगता येणार नाही. तो तिथेच बसलेला असेल असं वाटलं असावं.

बाकावर एक कोळीण बसली होती. खारदांड्याची. माझ्याहून मोठी, नाकात नथ, पाय वर घेऊन ऐसपैस बसलेली. तिचा मुलगा त्याच बोटीवर खलाशी होता. मी माझ्या नवऱ्याचं काम सांगितलं. सहातला एक. तिचा असला तर माझा नाही. माझा असला तर तिचा नाही. दोघींना हिशेब येत होता.

"डब्यान काय हाय?" तिने विचारलं.

"केक."

"कोनासाठी?"

"त्याच्यासाठी."

"लांबडा लांबडा, मंदी आंबट?"

मी तिच्याकडे बघितलं.

"माजा पोऱ्या सांगत व्हता," ती म्हणाली. "बोटीवर एक मालवनी हाय. केक करतो तवा पयला ह्याला देतो. बोलतो, तू दर्याचा मानूस, तुला आंबट कलतं."

मी झाकण उघडलं. कोणी खायचा नाही हे माझंच म्हणणं होतं, पण तिच्या पोराने खाल्ला होता आणि तिने नाही, हे बरोबर वाटेना. तिने एक घेतला आणि हळूहळू खाल्ला. बोटं चाटली.

"बेस हाय," म्हणाली. मग पुढे म्हणाली, "मी देवाजवल काय मागतंय ते तुला म्हाईत हाय. मला लाज नाय वाटत."

"मलाही नाही वाटत," मी म्हटलं.

"मंग बरोबर हाय."

साहेबाने त्या दिवशीही काही सांगितलं नाही. आम्ही एकत्रच जिना उतरलो. खाली ती म्हणाली, "परत करशील तवा जास्त कर. रस्ता लांब हाय, भूक लागते." मी हो म्हटलं.

नंतर ज्या ज्या वेळी मी गेले त्या त्या वेळी ती होती. आम्ही कधी आपापल्या माणसाबद्दल बोलायचो, कधी मासळीबद्दल. तिच्याजवळ बसलं की बरं वाटायचं. चाळीत सगळे मला समजावत होते. ती समजावत नव्हती. घरी येताना मात्र मला तिचा पोर मेलेला हवा असायचा. हे मी स्वच्छ लिहिते. आणि बोरिवलीला उतरून करवंदं घ्यायचे तेव्हा तिच्या वाटणीची पण घ्यायचे.

करवंदं संपली. मग जांभळं आली, जांभळांचे केले. जांभळाने केक आतून काळानिळा होतो, चव तुरट लागते, त्याला आवडला नसता. तीही संपली. अननसाचे तुकडे पिळून घातले. दर वेळी जुने केक कडेने खराब व्हायला लागले की मी ते मोरीशी उभी राहून खायचे आणि नवे डब्यात भरायचे. सासू लोणी साठवून ठेवायची. चहात साय घालायची बंद केली तिने. दार रोज उघडं टाकायची.

शेजारीण एकदा म्हणाली, "किती दिवस करणारेस गं असं?"

"तुला वास नको असेल तर खिडकी लाव," मी म्हटलं.

दोरीवरची जागा मोकळीच होती. पाहुणे आले, ओले कपडे वाढले, तरी मोकळी. कूस बदलली की हात भिंतीला लागायचाच, पण आता जाग यायची नाही, कारण झोप नव्हती. त्याच्या मानेला मागे घामाचा आणि पिठाचा मिळून एक वास होता. बेकरीत कधी कधी तसा वास यायचा आणि मी मागे वळून बघायचे. तिथे पिठाची पोती असायची.

एका सकाळी वाणी दुकान टाकून स्वतः चाळीत आला. फोन चालू ठेवून आला होता. मी धावले. सासू मागे, तिच्या मागे अर्धी चाळ.

फोनमध्ये नुसता समुद्रासारखा आवाज. मग कोणीतरी खोकलं.

"मी हंय," तो म्हणाला.

मी फोन कानाला घट्ट दाबून धरला. सासूने माझ्या पाठीत बुक्की मारली.

"हातपाय?" मी विचारलं.

"आसत."

"बेरी गाळायची नव्हती," मी म्हटलं.

"काय?"

"काही नाही. ये."

लाईन तुटली. चाळीतले लोक माझ्याकडे बघत होते. मी सांगितलं, तोच आहे. सासू वाण्याच्या तांदळाच्या पोत्यावर बसली आणि त्या दिवशी पहिल्यांदा रडली. शेजारणीने मला मिठी मारली आणि माझ्या आधी तीच मोठ्याने रडायला लागली. मला त्या गर्दीत एकच दिसत होतं, ते बाक. आज ती तिथे येणार होती.

मी गेले. दीर नको म्हणत होता. साहेबाने तिला सांगितलं होतं. ती बाकावर पाय खाली सोडून बसली होती. मला बघून म्हणाली, "तुजा हाय ना?" मी मान हलवली. तिने माझा हात धरला, जोरात, बांगड्या रुतेपर्यंत, आणि सोडला. "जा आता," म्हणाली. मी गेले.

तो आला. वाळून काठी झालेला, कातडी जागोजाग सोललेली. विमानतळावरून दिराच्या रिक्षात बसून आला आणि भिंतीशी जाऊन झोपला. उठल्यावर मी त्याच्यापुढे बशी ठेवली. त्याने खाल्ला. सगळा खाल्ला, चुरा बोटाने टिपून खाल्ला. "जमलो गो तुका," म्हणाला. एवढंच. मी ज्याच्यासाठी तीन तऱ्हेची फळं चिरली ते हे एवढंच वाक्य होतं, आणि ते म्हणणारा माणूस माझ्याकडे बघत नव्हता. दाराकडे बघत होता.

तो पुन्हा बोटीवर गेला नाही. एका कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये लागला, भात-आमटी करायचा. साच्यांना हात लावला नाही. चाचा बोलवायचा, जायचा नाही. फ्रेंचमध्ये रागावणंही बंद झालं. रागावायचाच नाही. बाराही महिने घरात, बाराही महिने त्याची लुंगी दोरीवर. मला वाट बघायची सवय, ती काही सुटेना. तो भिंतीशी झोपलेला असायचा आणि मी त्याच्या येण्याची वाट बघत असायचे. मे महिना लागला की जास्त. कोणाला सांगितलं तर म्हणतील, बाई, नवरा जिवंत परत आला, अजून काय पाहिजे तुला? मला तो पाहिजे होता. तो जो वर्षातून दोन महिने यायचा.

थोडा बरा झाल्यावर तो मला म्हणाला, "खारदांड्याक जावचा लागात." मी म्हटलं, चल.

कोळणीने आम्हाला ओटीवर बसवलं, चहा दिला. त्याने तिला सांगितलं. एका फळकुटाला दोघं धरून होते, तो आणि तिचा मुलगा. मुलगा त्याला धीर देत होता. तो पोहणारा होता, माझा नवरा नव्हता. दुसऱ्या सकाळी मुलाचा हात सुटला. नवऱ्याने हे सगळं खाली बघून सांगितलं, आणि सांगून झाल्यावर तिने मारलं तर मारू दे, असा बसून राहिला.

तिने एकच विचारलं. "त्या दिसा जेवला व्हता काय तो?"

"तो जेवलो होतो," नवरा म्हणाला. "माझ्याच हातचा. पोटभर."

ती उठून आत गेली. बराच वेळ आली नाही. मग तिची सून बाहेर आली आणि आमचे कप उचलून घेऊन गेली, आणि आम्ही निघालो.

त्या बोटीवर आपल्याकडचे सहाजण होते. माझा नवरा वाचला. बाकीचे पाच वाचले नाहीत.